तळाचा संघ सांभाळणारा माणूस

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक केली. तेरा वर्षांनी ही जागा भारतीय माणसाला मिळाली. त्यांच्या आधीचे शेवटचे भारतीय प्रशिक्षक गोव्याचे साव्हियो मेदेरा. त्यांच्यानंतर जे कोणी आले ते इंग्लंडचे, नेदरलँड्सचे, क्रोएशियाचे, स्पेनचे होते. बातमी आली त्या दिवशी ती आपल्या घराघरांतल्या मोबाइलवर फिरली. "आपला माणूस देशाचा कोच झाला" म्हणून लोकांनी एकमेकांना मुबारकबाद दिली. आनंद झालाच पाहिजे. पण दोन दिवसांनी मोबाइलवर दुसरी बातमी आली आणि ही मागे पडली. हा माणूस त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेने आला, हे फारसे कुणी विचारले नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या जालना जिल्ह्यात खेळ म्हणजे क्रिकेट. मोसंबीच्या बागांच्या कडेला, स्टील कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत, ईदगाहच्या बाजूच्या मैदानावर, जिथे म्हणून सपाट जमीन आहे तिथे पोरे टेनिस बॉल घेऊन उभी असतात. फुटबॉल शाळेच्या कपाटात असतो, तोही बहुधा हवा गेलेला. त्यामुळे फुटबॉलच्या प्रशिक्षकावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला या माणसाच्या खेळापेक्षा त्याची कारकीर्द महत्त्वाची वाटते. खेळाडू म्हणून अर्धवट राहिलेला, प्रशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे तळाचे संघ सांभाळणारा, एकदा शिखरावर जाऊन पुन्हा खाली आलेला आणि पुन्हा वर चढलेला हा माणूस आहे. आपल्या घरांतल्या मुलांना आज अशाच माणसाची ओळख करून देण्याची गरज आहे.

कुवेतहून मुंबईला

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. वडीलधारी मंडळी रोजीरोटीसाठी आखातात गेलेली, हे चित्र मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांना वेगळे सांगायला नको. दुबई, रियाध, जेद्दा, कुवेत ही नावे आपल्या गल्लीत भोकरदन-परतूरइतकीच ओळखीची आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि तिथे राहणाऱ्या लाखो भारतीयांचे आयुष्य एका रात्रीत बदलले. दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. युद्धाच्या त्याच काळात जमील कुटुंब मुंबईला आले. तेव्हा खालिद तेरा-चौदा वर्षांचे होते.

या वयात देश, शाळा, मित्र सगळे बदलणे सोपे नसते. परगावाहून, परदेशातून परत आलेली मुले वर्गात कशी गप्प बसून असतात हे शिक्षकांना ठाऊक आहे. खालिद यांच्याबरोबर मुंबईला आलेली एक गोष्ट मात्र तीच राहिली होती, ती म्हणजे फुटबॉल. मध्यफळीत खेळणारा हा मुलगा पुढे मुंबईच्या मोठ्या संघांपर्यंत पोहोचला. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया हे त्या काळचे मुंबईचे नावाजलेले संघ. दोन्ही संघांकडून ते खेळले. भारताची जर्सीही त्यांनी घातली.

एक नकार

त्यांच्या खेळाडूपणाच्या काळातली एक गोष्ट वृत्तपत्रांतून अनेकदा आली आहे. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे देशातले सर्वांत लोकप्रिय दोन क्लब. तिथे खेळायला मिळणे म्हणजे भारतीय फुटबॉलपटूचे नशीब उघडणे. पैसा तिथे, प्रेक्षक तिथे, नाव तिथे. खालिद यांना या दोन्ही क्लबांकडून बोलावणे आले. पण १९९८ पासून दोन्ही क्लबांत एका मोठ्या मद्य कंपनीची भागीदारी होती आणि क्लबच्या नावाआधी दारूच्या ब्रँडचे नाव लागत होते. खालिद यांनी त्या कारणाने नकार दिला आणि ते मुंबईतच खेळत राहिले.

हलाल-हराम यावर आपण जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकतो. ऐकताना सगळे सोपे वाटते. विशी-पंचविशीतल्या तरुणाला, ज्याची कारकीर्द जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे, ज्याचे पाय उद्या साथ देतील की नाही याची खात्री नाही, त्याला देशातला सर्वांत मोठा क्लब बोलावतो आणि तो नाही म्हणतो, तेव्हा त्या नाहीची किंमत त्याला आयुष्यभर मोजावी लागते. ती किंमत खालिद यांनी मोजली.

इथे जाणकार वाचक विचारतील, की २०१७ मध्ये हेच खालिद जमील ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले, तेव्हाही क्लबच्या नावाआधी किंगफिशर होतेच की! होय, होते. ही गोष्ट झाकून ठेवून आम्हाला कुणाची तारीफ करायची नाही. मुलांसमोर माणसे ठेवायची तर ती माणसे म्हणूनच ठेवावीत. तरुणपणी दिलेला नकार आणि चाळिशीत स्वीकारलेली नोकरी यांचा मेळ कसा घालायचा, यावर दोन मते होऊ शकतात. संसार, मुलेबाळे, वय, वेळ या सगळ्यांचा हिशेब ज्याचा त्याला असतो आणि नियतीचा हिशेब अल्लाहला ठाऊक असतो. आपण काझी होऊन बसण्याचे कारण नाही. पहिल्या नकारातून घ्यायचा धडा मात्र दुसऱ्या होकाराने पुसला जात नाही. समोर आलेली प्रत्येक संधी उचलायचीच असते असे नाही, हे आपल्या मुलाला कुणीतरी सांगितले पाहिजे.

पाय थांबले, काम थांबले नाही

महिंद्र युनायटेडमध्ये असताना दुखापतींनी त्यांना घेरले. संघ जिंकत होता, २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही महिंद्रने मिळवले, पण खालिद यांची बरीच वर्षे मैदानाबाहेर गेली. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब उभा राहिला आणि ते तिथे गेले. तिथेही शरीराने फार साथ दिली नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले.

बत्तीस हे वय फुटबॉलच्या इतिहासात आणखी एका माणसामुळे लक्षात राहते. स्कॉटलंडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. ग्लासगोच्या गोवन भागातल्या, जहाज बांधणी कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. खेळाडू म्हणून बरा, पण थोर नव्हे. १९७४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्यांनी ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या स्कॉटलंडच्या अगदी खालच्या श्रेणीतल्या क्लबचे काम घेतले. तिथून सेंट मिरेन. १९७८ मध्ये त्या क्लबने त्यांना काढूनही टाकले. पुढे अ‍ॅबर्डीन आणि मग मँचेस्टर युनायटेडमध्ये सव्वीस वर्षे. जगाने त्यांना डोक्यावर घेतले ते नंतर. त्यांची शिकवणी झाली ती खालच्या श्रेणीतल्या गरीब क्लबांत, जिथे पुरेसे खेळाडूही नसत.

खेळता येणे वेगळे आणि खेळ शिकवता येणे वेगळे. आम्ही बी.एड. केले तेव्हा पहिल्याच महिन्यात हे कळले होते. आपल्याला गझल आवडते म्हणून वर्गातल्या चाळीस मुलांना ती समजावता येईल असे नसते. फुटबॉल प्रशिक्षकांनाही परीक्षा द्याव्या लागतात. आशियाई फुटबॉल महासंघाचे डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो असे परवान्यांचे टप्पे आहेत. खालिद जमील यांनी हे टप्पे पार करून प्रो परवाना मिळवला. देशाकडून खेळलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन वही-पेन घेऊन बसतो, ही गोष्ट आपल्या घरात मोठ्याने सांगण्यासारखी आहे. "माझे शिक्षणाचे वय गेले" असे म्हणणारे आपल्याकडे तिशीतच भेटतात.

ज्याची बातमी होत नाही ते काम

क्रिकेटची सवय असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट समजावून सांगतो. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत असतो. फुटबॉलच्या लीगमध्ये तसे नसते. तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. याला रेलिगेशन म्हणतात. एकदा खाली गेले की जाहिरातदार जातात, चांगले खेळाडू जातात आणि पुष्कळदा क्लबच बंद पडतो. त्यामुळे तळाच्या संघाची लढाई विजेतेपदासाठी नसते, ती जिवंत राहण्यासाठी असते. जिंकले तर तीन गुण, बरोबरी केली तर एक. मोठ्या संघाविरुद्ध एक गुण वाचवणे हीसुद्धा तळाच्या संघाची कमाई असते.

मुंबई एफसी हा असा संघ होता. हातात पैसा थोडा, खेळाडू बरेचसे इतरांनी नाकारलेले किंवा अजून कुणी न पाहिलेले. मुंबईत मैदान मिळत नव्हते म्हणून काही काळ घरचे सामनेसुद्धा पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. अशा संघाचे प्रशिक्षकपद खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ अशी सात वर्षे सांभाळले. ज्या देशात प्रशिक्षक दर हंगामाला बदलतात तिथे ही सात वर्षे फार मोठी आहेत. या सात वर्षांत मुंबई एफसीने लीग जिंकली नाही. पण तो संघ एकदाही खाली गेला नाही.

टीका झाली. खालिद यांचा संघ बचावात्मक खेळतो, दहा जण मागे उभे करतो, खेळ बघवत नाही, असे म्हटले गेले. ज्याच्या घरात पाहुणे दहा आणि पीठ पाच जणांचे, त्या बाईला कुणी विचारावे की पुलाव का नाही केला, तशी ही टीका. हातात जे आहे त्यात घर चालवणे ही सुद्धा हिकमत आहे. आपल्या आया आणि दादी-नानी हीच हिकमत जन्मभर करत आल्या आणि तिची कधी बातमी झाली नाही.

२०१६ मध्ये खालिद मुंबई एफसीतून बाहेर पडले. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तक्त्यात शेवटचा आला आणि खालच्या श्रेणीत गेला. पुढे तो क्लबच राहिला नाही. सात वर्षे एक माणूस काय धरून उभा होता, हे तो निघून गेल्यावर दिसले.

शिक्षक म्हणून हा प्रसंग आमच्या मनात घर करून आहे. दहावीचा निकाल लागला की आपल्या गावांत चौकाचौकांत फलक लागतात. पंचाण्णव टक्के, सत्त्याण्णव टक्के, मुलांचे फोटो, हार. लागावेत, त्या मुलांनी मेहनत केलेली असते. पण ज्या वर्गात आई-बाप ऊसतोडीला जातात म्हणून निम्मे वर्ष गैरहजर राहिलेली पोरे असतात, रोज संध्याकाळी गॅरेजवर किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात बसणारी पोरे असतात, घरातल्या धाकट्या भावंडांना सांभाळून येणाऱ्या मुली असतात, त्या वर्गातला एखादा मुलगा एकोणचाळीस टक्क्यांनी पास होतो, तेव्हा त्याचा फलक लागत नाही. त्याच्यासाठी कोणी शिक्षक सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी गेलेला असतो, कोणी त्याच्या वालिदांना दुकानात जाऊन भेटलेला असतो, कोणी मुलीच्या अम्मीला समजावलेले असते की एवढी परीक्षा होऊ द्या, मग लग्नाचे बघू. शाळेच्या निकालात हे कुठे दिसत नाही. पण तो एकोणचाळीस टक्केवाला आयटीआयला जातो, वायरमन होतो, आणि पाच वर्षांनी त्याची बहीण बारावीत असते. एक संघ खाली जाता जाता वाचलेला असतो.

समाज म्हणून आपण फक्त पहिले आलेले मोजायला शिकलो आहोत. वाचवलेले मोजायला शिकलो तर आपली नजर बदलेल.

डोंगरावरच्या शहरात

मुंबई एफसी सुटल्यानंतर खालिद यांना काम मिळाले ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिझोरामच्या आयझॉल एफसीमध्ये. हा क्लब २०१५-१६ च्या हंगामात लीगबाहेर गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. म्हणजे दाराबाहेर काढलेला संघ, ज्याला दार पुन्हा उघडे मिळाले, आणि क्लबाबाहेर पडलेला प्रशिक्षक. दोघांची गाठ पडली.

खालिद यांनी मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे आपले जुने खेळाडू सोबत नेले. गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स, युद्धात होरपळणाऱ्या सीरियाचा महमूद अल-अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान आणि बाकी सगळी मिझो पोरे, अशी ती जमवाजमव होती. मिझोराममध्ये बहुसंख्य लोक ख्रिस्ती. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. मुंबईचा एक मुस्लिम प्रशिक्षक त्या गावात गेला आणि गावाने त्याला आपला मानला.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. सुरुवातीलाच आयझॉलवर गोल झाला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ सुटला. १८ सामन्यांत ३७ गुण. मोहन बागानचे ३६. एका गुणाने आयझॉल देशाचा विजेता झाला. ईशान्य भारतातल्या कुठल्याही क्लबला याआधी राष्ट्रीय लीग जिंकता आली नव्हती. तो एक गुण शेवटच्या दिवशी बरोबरीतून आला, हे लक्षात ठेवावे. सात वर्षे मुंबईत एकेक गुण वाचवायची जी सवय लागली होती, ती कामाला आली.

त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला, हे वर सांगितलेच आहे. सोडून गेलेला प्रशिक्षक तक्त्याच्या माथ्यावर आणि त्याचा जुना क्लब तळाला. यावर खालिद यांनी कुठे फुशारकी मारल्याचे आम्ही वाचले नाही. ते मुळात कमी बोलणारे गृहस्थ म्हणून ओळखले जातात.

पुन्हा खाली, पुन्हा वर

गोष्ट इथे संपली असती तर ती सिनेमासारखी झाली असती. आयुष्य तसे नसते. आयझॉलनंतर ते ईस्ट बंगालला गेले आणि तिथे विजेतेपद मिळाले नाही. २०१९ मध्ये काही महिने मोहन बागानचे काम पाहिले. तेवढ्यात इंडियन सुपर लीग ही देशातली मोठी स्पर्धा झाली होती आणि तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून परदेशी माणूसच हवा, अशी जणू रीत पडली होती. देशाचे विजेतेपद मिळवून दिलेला हा माणूस नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राहिला.

जानेवारी २०२१ मध्ये त्या क्लबने आपल्या परदेशी प्रशिक्षकाला काढले आणि हंगाम संपेपर्यंत जबाबदारी खालिद यांच्याकडे दिली. साखळीतले उरलेले सगळे सामने संघ एकदाही न हरता खेळला आणि बाद फेरीत गेला. त्यानंतर त्यांना कायमची नेमणूक मिळाली. सुपर लीगमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय. पुढच्याच हंगामात मात्र संघ अकरांत दहावा आला. २०२३ मध्ये ते बंगळूरच्या एका खालच्या श्रेणीतल्या क्लबकडे होते. शेचाळिसाव्या वर्षी, इतके सगळे करून झाल्यावर, पुन्हा खालच्या पायरीवर. आपल्याकडे एकदा मुख्याध्यापक झालेल्या माणसाला पुन्हा साधा वर्गशिक्षक व्हायला सांगा, तो राजीनामा लिहील.

खालिद यांनी काम केले. त्याच वर्षाच्या अखेरीस जमशेदपूरने त्यांना बोलावले. तो संघही अडचणीत होता. २०२४-२५ मध्ये त्यांनी जमशेदपूरला सुपर लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात नेले. अंतिम सामना गोव्याने जिंकला. महासंघाने सलग दोन वर्षे, २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी, त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. आणि मग ऑगस्टमध्ये देशाचा संघ हाती आला.

पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत, भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवले आणि ओमानला पेनल्टीवर मात देऊन तिसरा क्रमांक मिळवला. सगळीकडे वाहवा झाली. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरने गोव्यात येऊन भारताला २-१ हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार झाली. ऑगस्टमध्ये मुबारकबाद देणारे मोबाइल नोव्हेंबरमध्ये शिव्या देऊ लागले. आपल्या मुलांनी हेही पाहावे. लोकांची तारीफ आणि लोकांची निंदा या दोन्हींवर ज्याने आपले घर बांधले, त्याचे घर दर तीन महिन्यांनी पडते.

आपल्याच मुलखाचे एक मास्तर

भारतीय फुटबॉलचा सर्वांत थोर प्रशिक्षक कोण, असे विचारले तर आजही एकच नाव घेतले जाते. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातले. १९०९ चा जन्म, उस्मानिया विद्यापीठाची पदवी आणि पेशाने शाळामास्तर. लोक त्यांना रहीम साहेब म्हणत. हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जाकार्तात भारताने आशियाई खेळांचे सुवर्णपदक जिंकले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. तिन्ही वेळा प्रशिक्षक रहीम साहेब. जाकार्ताच्या वेळी ते कॅन्सरने आजारी होते. ११ जून १९६३ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

साठ वर्षे आपल्या घरांत त्यांचे नाव क्वचितच निघाले. २०२४ मध्ये हिंदी चित्रपट आला तेव्हा मुलांनी विचारले, "सर, हे खरंच होऊन गेले का?" होऊन गेले. आणि ते शिक्षक होते, हे आम्ही मुलांना थोडे अभिमानाने सांगतो.

घरात बोलायच्या गोष्टी

पालक सभेला एक गृहस्थ नेहमी म्हणतात, "सर, खेळून कुणाचं पोट भरलंय? पोराला समजवा." त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खेळावर पोट भरणारे फार थोडे असतात, आणि ज्यांचे भरते त्यांचेही तिशीनंतर काय, हा प्रश्न असतोच. खालिद जमील यांच्या आयुष्याकडे बघा. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये लीगबाहेर गेला. मुंबई एफसीही राहिला नाही. ज्या तीन संघांत त्यांची तरुणाई गेली त्यातला एकही आज मोठ्या मैदानावर नाही. त्यांच्याजवळ उरले ते शिकलेले आणि शिकवता येणारे ज्ञान.

म्हणून त्या पालकांना आम्ही सांगतो, की मुलाला खेळू द्या आणि शाळाही सोडू देऊ नका. दोन्हींत भांडण लावू नका. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. फुटबॉलसाठी १९६० पासून सुब्रतो कप ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा आहे. वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात, नियम वेळेवर वाचावे लागतात. खेळाचे शिक्षक, पंच, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट अशी कामे खेळाच्या आसपास आहेत. त्यांना शिक्षण लागते. दहावीत शाळा सोडलेल्या चांगल्या खेळाडूला ही दारे बंद होतात.

मुलींविषयीही एक शब्द. शाळेच्या मैदानावर पाचवीपर्यंत मुली मुलांइतक्याच धावतात. सातवीनंतर त्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. अंगभर कपडे, डोक्याला स्कार्फ घालून जगभर मुस्लिम मुली खेळतात आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २०१४ पासून डोके झाकून खेळण्यास परवानगी दिली आहे. आपल्या मुलीच्या हाडांना आणि फुप्फुसांना कसरतीची गरज मुलांपेक्षा कमी नाही. शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली तासभर खेळायला आपण नाही का म्हणतो, याचा घरात बसून शांतपणे विचार व्हावा.

आणि शेवटचे. सब्र हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. काही करता येत नसेल तेव्हा हात बांधून बसायचे आणि त्याला सब्र म्हणायचे, अशी आपली सवय. खालिद जमील सात वर्षे तळाच्या संघाजवळ राहिले, तेव्हा ते बसून नव्हते. रोज मैदानावर उभे होते. रोजचे काम रोज करत राहणे, फळ दिसत नसताना करत राहणे, फळ आल्यावरही करत राहणे आणि ते हातातून गेले तरी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्यात लाज न मानणे, याला सब्र म्हणतात. आपल्या आसपास अशी माणसे आहेत. पहाटे फज्रला उठून दूध घालणारा कुणी, रात्री मशीन चालवून मुलींना शिकवणारी कुणी खाला, आणि चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापाशी जाऊन उभा राहणारा कुणी मास्तर. मुलांना त्यांची ओळख करून द्या.

अल्लाह तआला आपल्या मुलांना हलाल रोजी, कामाची चिकाटी आणि हार पचवण्याची ताकद देवो. आमीन.